सही आईची, अक्षर मुलाचं

ताई, स.न.वि.वि.

मी कराडची. मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत आहे. चौथीपर्यंत कायम वर्गात पहिल्या तिघांत असायचा. सगळे त्याला हुशार म्हणतात, आम्हीही म्हणतो. यंदा गणितात मागे पडला. मागच्या आठवड्यात त्याचं दप्तर आवरताना घटक चाचणीचा पेपर सापडला. २० पैकी ६ गुण, आणि खाली 'पालकांची सही' या जागी माझी सही. मी ती केलेलीच नाही, त्यानं केली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गणिताचा पेपर मिळाला का रे?" तर शांतपणे म्हणाला, "अजून नाही दिला." मग पेपर समोर धरला. खूप रडला, तरी म्हणत होता, बाईंनीच चुकून सही केली असेल. त्याचे बाबा फिरतीच्या नोकरीत आहेत, शनिवारी येतात. त्यांना कळल्यावर त्यांनी दोन फटके दिले. मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. सासूबाई रोज रात्री त्याला 'लांडगा आला रे आला'ची गोष्ट ऐकवतात. आता तो कुणाशीच धड बोलत नाही. काही विचारलं की "माहीत नाही". पाचवीला आता नापासही करतात म्हणे. त्याचे बाबा म्हणतात, क्रिकेट बंद करा. मुलांशी प्रेमानं बोला, त्यांना समजून घ्या, असं सगळीकडे वाचते. पण खोटं बोलणाऱ्या मुलाशी प्रेमानं बोलायचं म्हणजे नेमकं काय बोलायचं?

— एक आई

सोहमच्या आई, नमस्कार. (मुलाचं खरं नाव छापत नाही. या उत्तरापुरतं त्याला सोहम म्हणू.)

पेपर तुमच्या हातात होता. गुण दिसत होते, सही दिसत होती. तरी तुम्ही विचारलंत, पेपर मिळाला का रे? उत्तर ठाऊक असताना विचारलेला हा प्रश्न पोलिसांना शोभतो, कारण त्यांना कबुलीजबाब हवा असतो. तुम्हाला बहुतेक त्याला एक संधी द्यायची होती, बघू तरी खरं बोलतो का. पण घाबरलेल्या मुलाला त्यात संधीबिंधी काही दिसत नाही. पळायला फट दिसली की ते पळतं. पहिलं खोटं, म्हणजे सही, सोहमनं स्वतःहून केलं. दुसरं तुमच्या प्रश्नानं त्याच्या तोंडून वदवून घेतलं. आणि तिसरं, ते बाईंनी चुकून सही केल्याचं, इतकं केविलवाणं आहे की ते वाचून मला रागापेक्षा हसूच आलं. सराईत खोटारडा असं बोलत नाही हो. त्याच्याकडे बरी थाप तयार असते.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं: जे तुम्हाला माहीत आहे ते त्याला विचारू नका, सरळ सांगा. "सोहम, गणिताचा पेपर मी बघितला. सहा गुण आहेत. खालची सही माझी नाही, तेही कळलं. तू आधी हातपाय धू, खाऊन घे. जेवणं झाली की आपण दोघं बोलू. मारणार नाही, ओरडणार नाही, पण बोलायचं आहे." एवढंच. यात प्रेमळ शब्द एकही नाही. तरी मुलाच्या दृष्टीनं यात सगळं आहे: आईला कळलंय, आता लपवायचं काही उरलं नाही, पुढे काय होणार ते ठाऊक आहे आणि ते झेपण्यासारखं आहे. "थांब, बघतेच तुला" यात काय होणार हेच कळत नाही, आणि मुलं त्या न कळण्यालाच सगळ्यात जास्त भितात.

"का केलंस असं?" हा प्रश्नही तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या पत्रात तो कुठे नाही, पण विचारला असणारच, सगळेच विचारतात. दहा वर्षांच्या मुलाला आपल्या कृत्याचं कारण शब्दांत मांडता येत नाही. आपल्यालाही कुठे येतं? तो "माहीत नाही" म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो खरंच बोलत असतो, आणि आपण ते उद्धटपणाच्या खात्यात जमा करतो.

आता त्यानं हे का केलं असेल, ते त्याच्या जागी बसून बघू. सहा गुणांचा पेपर खऱ्या सहीसाठी घरी आणला असता तर काय झालं असतं? आजी म्हणाली असती, आमच्या घराण्यात कुणी असं नव्हतं. एखाद्या चुलत बहिणीचे गुण निघाले असते. तुम्ही म्हणाला असता, "बाबा येऊ देत शनिवारी, सांगते त्यांना." (हे मी अंदाजानं लिहितेय. चुकलं असेल तर सोडून द्या. पण ज्या घरात वडील आठवड्यातून एकदाच येतात तिथे हे वाक्य बहुधा असतंच.) आणि शनिवारी बाबा आले असते. हा सगळा हिशोब पोरानं मनातल्या मनात केला आणि एक सही करून टाकली. गणित कच्चं आहे म्हणता, पण हा हिशोब त्याला चोख जमला. त्या घरात, त्या दिवशी, खरं बोलणं महाग होतं आणि खोटं स्वस्त. पेपर सापडल्यावर त्याला फटके मिळाले, अबोला मिळाला, गोष्ट मिळाली. म्हणजे खऱ्याचा भाव आणखी वर गेला. पुढच्या वेळी तो सही जास्त चांगली करेल.

हे मी नुसतं धमकावण्यासाठी म्हणत नाही. कॅनडातल्या व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या मानसशास्त्रज्ञांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतल्या लहान मुलांचा अभ्यास करून तो २०११ साली प्रसिद्ध केला. एका शाळेत साध्यासुध्या चुकीलाही मार होता, दुसरीत नव्हता. मुलांना एकेकटं बसवून सांगितलं की मागे ठेवलेलं खेळणं वळून बघायचं नाही, आणि मोठं माणूस खोलीबाहेर गेलं. अर्थात बहुतेकांनी वळून बघितलं. विचारल्यावर मार असणाऱ्या शाळेतली मुलं जास्त प्रमाणात खोटं बोललीच, शिवाय त्यांना ते खोटं सफाईनं टिकवताही आलं. मारानं खरेपणा वाढला नाही, खोटं बोलण्याचं कसब वाढलं.

याच मंडळींचं आणखी एक काम तुमच्या सासूबाईंसाठी सांगते. २०१४ साली त्यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या आणि मग तीच खेळण्याची परीक्षा घेतली. त्यात आपली 'लांडगा आला रे आला' होती, खोटं बोललं की नाक लांब होणाऱ्या लाकडी बाहुल्याची होती, आणि एक जॉर्ज वॉशिंग्टनच्या लहानपणची होती. चेरीचं झाड मी तोडलं असं तो वडिलांना सांगतो आणि वडील म्हणतात, तू खरं बोललास याचा मला आनंद आहे. (ती घटना खरी नाही, दंतकथा आहे. खरेपणा शिकवायला खोटी गोष्ट, हा विनोद तेवढा माफ करायचा.) लांडग्यानं काही फरक पडला नाही, लांब नाकानंही नाही. फरक पडला तो वॉशिंग्टनच्या गोष्टीनं. खोटं बोललास तर लांडगा खाईल, हे मुलाला माहीतच असतं. खरं बोललो तर काय होईल, हे त्याला माहीत नसतं. आपल्या गोष्टींत ते फार कमी वेळा येतं.

सासूबाईंना गोष्ट बंद करा म्हणू नका. त्यांना वाईट वाटेल, आणि नातवाला रोज रात्री गोष्ट सांगणारी आजी घरात असणं ही केवढी चैन आहे! गोष्ट फक्त बदलायला सांगा. त्यांच्या लहानपणी त्यांनी काही फोडलं, सांडलं, हरवलं आणि घरी येऊन सांगितलं, आणि कुणीतरी त्यांना जवळ घेतलं, असं काही आठवत असेल तर ते सांगू देत. आणि हे सगळं परदेशी खूळ आहे असं त्या म्हणाल्या तर त्यांना बोर्डीचं नाव सांगा. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला, आताच्या पालघर जिल्ह्यात, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलाला भीती घालायची नाही आणि बक्षिसाचं आमिषही दाखवायचं नाही, ही मांडणी या परंपरेत तेव्हापासून आहे. आपण ती अंगणवाडीच्या फलकावर ठेवली आणि घरी आणायची राहून गेली.

आता 'हुशार'कडे येते. तुमच्या पत्रात मला खरी अडचण तिथे दिसते.

१९९८ साली अमेरिकेत क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी पाचवीतल्याच मुलांवर काही प्रयोग केले. मुलांना आकृत्यांची कोडी सोडवायला दिली, आणि झाल्यावर सगळ्यांनाच छान झालं म्हणून सांगितलं. मग काहींना म्हटलं, तू हुशार असणार. काहींना म्हटलं, तू मेहनत घेतली असणार. पुढची कोडी मुद्दाम अवघड दिली, त्यात सगळेच आपटले. त्यानंतर हुशार म्हटलेल्या मुलांचा कोड्यांतला रस उतरला, आणि पुन्हा सोपी कोडी दिली तेव्हा त्यांची कामगिरी पहिल्यापेक्षाही खाली गेली. मेहनतीचं कौतुक झालेल्यांची सुधारली. पण मला त्यातला सगळ्यात बोचणारा भाग निराळा वाटतो. दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांना कळवायचं म्हणून त्यांना आपापले गुण कागदावर लिहायला सांगितले. नाव लिहायचं नव्हतं. हुशार म्हटलेल्यांपैकी दहातल्या जवळजवळ चौघांनी गुण वाढवून लिहिले. दुसऱ्या गटात असं करणारे बरेच कमी होते.

ही मुलं वाईट नव्हती. एका वाक्यापूर्वी ती साधी मुलं होती. 'तू हुशार आहेस' हे ऐकल्यावर त्यांच्याकडे सांभाळायला काहीतरी आलं. तुमच्या सोहमकडे ते चार वर्षं आहे. घरच्यांनी, शेजारच्यांनी, बाईंनी दिलेलं. पाचवीत पहिल्यांदा गणित अडलं, तेव्हा त्याच्या मनात 'हे मला अजून येत नाही' असं आलं नसणार. 'मी हुशार नाही हे आता सगळ्यांना कळणार' असं आलं असणार. त्या सहीनं त्यानं सहा गुण लपवले असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं त्यानं तुमचा हुशार मुलगा तुमच्यासाठी वाचवायचा प्रयत्न केला.

एक सावधगिरीची सूचना. या संशोधनाचा पुढे फार गाजावाजा झाला. त्यावरून शाळाशाळांत जे कार्यक्रम निघाले त्यांचा परिणाम मोठ्या पाहण्यांमध्ये अगदी थोडाच दिसला. म्हणजे 'हुशार'च्या जागी 'मेहनती' म्हणत सुटलं की गुण वाढतात, असं काही नाही. आणि मूल तासभर घासूनही उत्तर येत नसेल तेव्हा "किती मेहनत करतोस रे" हे त्याला टोमण्यासारखंच लागतं. कौतुकाचा शब्द बदलून भागत नाही. त्यानं काय केलं ते तुम्ही बघितलंय, हे त्याला कळायला हवं.

बघायचं म्हणजे कसं? पेपर घ्या. सहा गुण विसरा, गेलेल्या चौदांकडे बघा. पाचवीच्या गणितात अपूर्णांक येतात आणि भलीभली मुलं तिथे घसरतात. मी पाचवीला शिकवत असताना ही चूक सतत बघितली आहे: १/२ + १/४ = २/६. वरचे अंक मिळवले, खालचे मिळवले. सोहमच्या पेपरातही असलं काही सापडलं तर "अरे, साधी बेरीज येत नाही?" असं म्हणायच्या आधी थांबा. ही चूक विचार करून केलेली आहे. चार वर्षं त्याला बेरीज म्हणजे मिळवणं असंच शिकवलंय, त्यानं निष्ठेनं मिळवलं. त्याला म्हणा, "हे कसं केलंस ते मला करून दाखव." करून दाखवताना मध्ये बोलू नका. मग विचारा, अर्धा लिटर दूध आणि पाव लिटर दूध मिळून किती? तो म्हणेल पाऊण. त्याला ते लहानपणापासून येतंय. आता २/६ कडे बोट दाखवा: हे अर्ध्याहून जास्त की कमी? तिथे तो थबकेल. मिळवल्यावर कमी कसं झालं, हे त्याचं त्याला खटकेल. ते खटकणं लाखमोलाचं आहे, तेवढ्यात उत्तर सांगून ते घालवू नका. पाऊण म्हणजे तीन पाव, १/२ म्हणजे दोन पाव, इथपर्यंत तो स्वतः आला की म्हणा, "तुला पाऊण आधीच येत होतं, ते कागदावर लिहायचं कसं तेवढंच अडलं होतं."

हे प्रोत्साहन. "तू करू शकशील!" हे नव्हे. तसं म्हणणारा माणूस त्या मुलाला लांबून बघत असतो. जो कागदावर वाकून पाहतो त्याला म्हणता येतं, "इथपर्यंत बरोबर आहे." मुलांना या तीन शब्दांनी जेवढा धीर येतो तेवढा टाळ्यांनी येत नाही. तुम्हाला स्वतःला गणित येत नसेल तरी काही बिघडत नाही. "मलाही नीट आठवत नाही, तू मला समजाव" हे खरं असेल तर खुशाल म्हणा. फक्त खोटं खोटं म्हणू नका, पोरं ते लगेच ओळखतात.

आता ऐकण्याबद्दल, कारण बोलायचं काय हे सगळे विचारतात आणि ऐकायचं कधी हे कुणी विचारत नाही. शाळेतून आल्या आल्या आपण मुलांवर तीन प्रश्न टाकतो: डबा संपवलास का, किती मिळाले, गृहपाठ काय. तिन्ही चौकशीचे. सहा तास दुसऱ्यांच्या तालावर काढून आलेल्या पोराला पहिला अर्धा तास काही म्हणजे काही विचारू नका. खायला द्या. मुलं बोलतात ती आपण ठरवलेल्या वेळी नाही. हात कशात तरी गुंतलेले असताना बोलतात. मटार सोलताना, पिठाची गिरणी चालू असताना तिथल्या बाकावर, दिवा मालवल्यावर अंथरुणात. स्कूटीवर मागे बसलेली मुलं तर अशी काही बोलतात की आपण ब्रेक दाबावा. कारण उघड आहे, आईचं तोंड दिसत नाही. समोर बसवून "हं, बोल आता, काय मनात आहे?" असं म्हटलं की मनातलं सगळं पायाच्या अंगठ्यात जातं.

आणि बोलायला लागला की काय करायचं? फार काही नाही. 'हं.' 'मग?' 'असं होय!' एवढ्यावर अख्खी गोष्ट बाहेर येते. तो म्हणाला, "बाईंनी सगळ्यांसमोर गुण वाचले," तर आपली जीभ लगेच वळवळते: मग अभ्यास करायचा होता! किंवा दुसऱ्या टोकाला: उद्या मी येऊन बघतेच त्या बाईंना! दोन्ही गिळा. "सगळ्यांसमोर? तेव्हा तू काय केलंस?" इतकंच विचारा. बहुतेक तो सांगेल, मी पेन्सिल शोधायला बाकाखाली वाकलो. तिथे तुम्हाला तुमचा मुलगा सापडेल. आजकाल काही पालक कुठेतरी वाचून "मला कळतंय, तुला आत्ता खूप वाईट वाटतंय" असं पाठ केलेलं म्हणतात. वाक्य वाईट नाही. पण आपल्या घरात कधी कुणी असं बोलत नसेल तर मूल दचकून बघतं, आईला काय झालं! तुमच्या नेहमीच्या बोलीत बोला. "चांगलीच तंतरली असेल तुझी" हे चालतं. त्याच्यावर नेमकी काय वेळ आली ते तुम्ही ओळखलंत, एवढंच त्याला हवं असतं.

तुमच्या अबोल्याबद्दल लिहायलाच हवं. नवऱ्याचे फटके तुम्हाला कदाचित खटकले असतील. तुमचा अबोला तुम्हाला सौम्य वाटत असेल, कारण हात उचलला नाही. मुलाच्या बाजूनं तो जास्त लांबतो. एड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. आईनं तान्ह्या बाळाशी आधी नेहमीसारखं खेळायचं आणि मग काही मिनिटं फक्त चेहरा निर्विकार ठेवायचा. रागवायचं नाही, उठून जायचं नाही. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, आणि मग उन्मळतं किंवा तोंड फिरवून गप्प होतं. दहा वर्षांचं मूल तान्हं नसतं, हे कबूल. पण चार दिवस आईचा चेहरा बंद असेल तर तेही शेवटी तोंड फिरवतं. तुम्ही लिहिलंय तो कुणाशीच बोलत नाही. सुरुवात कुणी केली ते एकदा बघा. राग आला असेल तर तो बोलून दाखवायला काहीच हरकत नाही: "मला फार राग आलाय, आत्ता मी बोलले तर वेडंवाकडं बोलेन, अर्ध्या तासानं बोलू." आणि अर्ध्या तासानं खरंच बोला.

मग सहीचं काय, ते असंच सोडून द्यायचं? अजिबात नाही. समजून घेणं म्हणजे माफी वाटत सुटणं असा एक समज पसरलाय, त्याला माझा विरोध आहे. दुसऱ्याची सही करणं ही गंभीर गोष्ट आहे आणि ते त्याला स्वच्छ सांगायला हवं. बाईंनी ती सही खरी धरली, म्हणजे त्यांना फसवलं गेलं. तेव्हा बाईंना सांगायचं, आणि ते सोहमनं सांगायचं. तुम्ही आधी बाईंना फोन करून ठेवा, म्हणजे हा प्रसंग वर्गात सगळ्यांपुढे होणार नाही. शाळा सुटल्यावर दोघं जा. काय बोलायचं ते आदल्या रात्री त्यालाच ठरवू द्या. दोन वाक्यं पुरेत. तो बोलेल तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या राहा आणि त्याच्या वतीनं एक शब्दही बोलू नका. त्याला रडू आलं तर थांबा. परतताना "बघ, सोपं होतं की नाही?" म्हणू नका, सोपं नव्हतंच. "अवघड होतं, तू केलंस," म्हणा आणि विषय तिथे संपवा. पुन्हा कधीही, पाहुण्यांसमोर तर नाहीच, तो काढायचा नाही. मूल खरं बोलल्यावर तेच त्याला सहा महिने ऐकवलं जातं, यापरता खरं बोलण्यातून उठवण्याचा खात्रीचा उपाय नाही.

नापास होण्याची भीती घरात मोठ्यानं बोलली जात असेल तर नियम नीट समजून घ्या. महाराष्ट्रात २०२३ साली बदललेल्या नियमांनुसार पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते. त्यात कमी पडलेल्या मुलाला पूरक मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घेतात. तिथेही जमलं नाही तरच तो वर्ग पुन्हा. घटक चाचणीतल्या सहा गुणांनी कुणी वर्गात राहत नाही. हे आधी तुम्हा मोठ्यांना कळू द्या. मग त्याला एकदाच सांगा आणि पुन्हा काढू नका. आणि शाळेत मारलं किंवा मानसिक त्रास दिला जात असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं त्याला मनाई आहे, हेही माहीत असू द्या. गरज पडेलच असं नाही.

क्रिकेट बंद करू नका. गणिताचे गुण मैदानातून वसूल होत नाहीत. शिवाय विचार करा, आठवड्यातली ती एकच जागा असेल जिथे सोहम शून्यावर बाद होतो, चिडतो, आणि दुसऱ्या दिवशी पॅड बांधून पुन्हा उभा राहतो. तिथे कुणी त्याला विचारत नाही की काल पन्नास काढलेस, आज काय झालं. वेळ कमी पडत असेल तर अभ्यासाची वेळ त्याच्याशी बोलून बदला. शिक्षा म्हणून खेळ काढून घेतला तर त्याच्याकडे हरून परत यायची सवय असलेली जागाच उरणार नाही.

हे सगळं करूनही काही गोष्टी दिसल्या तर वाट बघत बसू नका. रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखणं, झोप उडणं, जेवण तुटणं, आवडता खेळही नकोसा होणं, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" अशा अर्थाचं काही बोलणं. शेवटचं थट्टेत म्हटलं तरी गंभीरपणे घ्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतून बोलता येतं. आणि समजावून घेऊनही अंकांचा गोंधळ सुटत नसेल, घड्याळ, पैसे, पाढे सगळंच अडत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. तसं निघालं तर त्यासाठी शिकवण्याच्या वेगळ्या पद्धती आहेत आणि बोर्डाच्या परीक्षेत सवलतीही आहेत. पण चौथीपर्यंत सगळं ठीक होतं असं तुम्ही म्हणता, त्यावरून मला घाई करावीशी वाटत नाही.

राहिले सोहमचे बाबा. सहा दिवस बाहेर राहून माणूस घरी येतो आणि चपला काढायच्या आत त्याच्या हाती आठवड्याच्या तक्रारींची यादी पडते. त्यानं दुसरं करावं तरी काय? त्याच्या वाट्याला आपण फक्त फौजदारकी ठेवली आहे. म्हणून बदल तुमच्याकडून सुरू होईल. आठवड्यातलं जे तुम्ही मिटवलंत ते मिटलं. ते शनिवारी परत उघडायचं नाही. त्यांना फोनवर कळवा, लपवू नका, पण "झालंय, मिटलंय, तुम्ही काही बोलू नका" एवढं जोडून. शनिवारी पहिला तासभर अभ्यासाचा शब्द नको. बापलेक भाजी आणायला जाऊ देत, मैदानावर जाऊ देत, नाहीतर नुसते टीव्ही बघत बसू देत. फटक्यांबद्दल त्यांच्याशी बोलायचं असेल तर मूल झोपल्यावर बोला, आणि "तुम्ही मारलंत" इथून सुरुवात करू नका. त्यांना लहानपणी गुण कमी पडल्यावर काय व्हायचं ते विचारा. बरेच पुरुष ते कधी कुणाला सांगत नाहीत. बऱ्याच जणांनी सहीही केलेली असते.

हे उत्तर त्यांना वाचायला द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. दिलंत तर सोहमच्या समोर देऊ नका.